पाखऱ्याच्या जागेवर

लढाई संपून दीड वर्ष झालं होतं. फौजेतनं सुटून आलेल्या कृष्णातनं लष्करी लिलावातनं एक फटफटी घेतली, बाजूला माणूस बसायचा डबा जोडलेली. मिजाशीला घेतली म्हणणारे होते. त्यांच्या जिभेला हाड नव्हतं. त्याची बायको शालू पोटुशी होती, अन् आधीची दोन बाळं बैलगाडीतच, मिरजेच्या वाटेवर गेली होती. वस्ती माधवनगरच्या पलीकडं ओढ्याकाठी. दवाखाना लांब. तिसरं बाळ वाटेत जाऊ द्यायचं नाही, एवढंच त्याच्या डोक्यात होतं.

पण गाडी रात्रभर गोठ्यात उभी राहिली की सकाळी बॅटरी मेलेली. अन् बॅटरी मेली की ती गाडी काही केल्या उठत नसे.

कृष्णात फौजेत हेच काम करायचा. त्यानं भर दुपारी सगळी बटणं बंद केली, बॅटरीची एक वायर सोडली अन् हळूच पुन्हा टेकवून बघितली. कुठं वीज गळत असली तर ठिणगी उडते. उडाली नाही. डायनॅमो उघडून साफ केला, वायरी बदलल्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा मढं.

मग त्यानं सांगलीच्या लालासाहेब मिस्त्रीकडं गाडी तीन रात्री ठेवली.

"रोज पहिल्या लाथंला उठती," लालासाहेब म्हणाला. "गड्या, रोग गाडीत न्हाई, तुज्या गोठ्यात हाय."

"गोठा वीज पितोय व्हय रं?"

"मला काय ठावं? म्या यंत्राचा मिस्त्री, गोठ्याचा न्हवं."

गोठ्यात आता जनावरच नव्हतं. कृष्णात ब्रह्मदेशात असताना त्याचा बाप गुंडाआबा गेला, अन् पंधरा दिवसांत त्याचा म्हातारा बैल पाखऱ्याही गेला. फटफटी उभी राहायची ती पाखऱ्याच्याच जागेवर, दावणीकडं तोंड करून.

गाडी घरी आणली त्या दिवशी दिवेलागणीला कृष्णातनं पुन्हा वायर सोडून टेकवली. तड... निळी ठिणगी उडाली. त्यानं वायर दाबून धरली, तर समोरचा दिवा लागला. त्यानं स्वतः बंद केलेलं बटण फिरलेलं होतं.

पिवळा उजेड दावणीत पडला. दावणीत कडबा होता. ताजा, बोटभर लांबीचा तोडलेला. अन् सगळीकडं चुना-तंबाखूचा वास.

"शालू..." त्यानं हळू हाक मारली. "कडबा तू टाकलास?"

"म्या? मला वाकाय तरी येतंय का आवं?"

त्याची आई भामाबाई आली. तिनं चिमूटभर कडबा उचलला अन् बराच वेळ बघत राहिली.

"पाखऱ्याचं दात पडल्यालं. त्याला असाच बारीक करून लागायचा. ही येळ तुज्या आबाची."

"आई, गप..."

"गप काय? शेवटाला दिसत न्हवतं तुज्या आबाला. उजेड नगं का वैरण टाकाय?" मग ती दावणीवरच खेकसली, "मेल्यावर तरी गप पडावं का न्हाई माणसानं! फटफटीला वैरण घालतंय येडं..." अन् तिनं पदर डोळ्याला लावला.

 कृष्णातनं गाडी ढकलत अंगणात आणली. त्या रात्री गोठ्यातनं आवाज येत राहिला. जीभ टाळूला लावून कुणी चुचकारत होतं, रिकाम्या दावणीपाशी हुडकत होतं. थांबायचं... पुन्हा हुडकायचं.

"ठिवा ती गाडी आत," पहाटे शालू म्हणाली. "मला न्हाई ऐकवत."

त्यानं गाडी आत लावली. खुंटीला कंदील टांगला अन् कुणाकडं न बघता बोलला, "आबा, ह्यो उजेड घ्या. गाडीच्या दिव्याला हात लावू नगा. तुमच्या सुनंचं दिस भरल्यात."

त्या दिवसापासून सकाळी कंदिलातलं तेल संपलेलं असायचं. बॅटरी मात्र भरलेली.

आठव्या दिवशी सांजेला शालूला कळा सुरू झाल्या. कृष्णातनं तिला उचलून गोठ्यात आणलं, तर डब्यात मऊ पेंढा अंथरलेला होता, अडलेल्या बाईला बैलगाडीतनं नेताना अंथरतात तसा. विचारायला वेळ कुणाला होता? गाडी पहिल्या लाथंला उठली.

पहाटे पोरगी झाली. जिवंत. अख्खा दवाखाना उठवील असा गळा. घरी जाऊन आईला सांगायचं म्हणून कृष्णात धावतच बाहेर आला.

आवारात लिंबाखाली फटफटी उभी होती. तिच्या पुढच्या चाकाला कासरा बांधला होता, दुसरं टोक लिंबाला.

कृष्णातनं कासरा आणला नव्हता. पाखऱ्या गेल्यापासून घरात एकही उरला नव्हता.

रात्रभर दव पडलं होतं. गाडीची टाकी ओली, सीट ओली, लिंबाचं खोडसुद्धा ओलं. कासरा तेवढा कोरडा होता. त्यानं सोडायला हातात घेतला, तर तो गरम लागला... कुणाच्या तरी मुठीतनं नुकताच सुटल्यासारखा.