सीलच्या आतल्या काठावर

हे खरं घडलेलं आहे. हसायचं असेल त्याने हसावं, मी वाद घालणार नाही. तेवढं त्राणच नाही.

रात्र वगैरे नव्हती. गेल्या ऑक्टोबरातला गुरुवार, दुपारचे तीन. अल्माटीच्या बाहेर, कास्केलेनमधला आमचा खाद्यपदार्थांचा कारखाना आणि त्यातली एक्स-रेची खोली. ट्यूबलाइट चालू होती. बाहेर ट्रक उभे होते.

माझं नाव कामशात. खाण्याचं पाकीट मशीनमध्ये ठेवायचं, मशीन ते गोल फिरवत शेकडो फोटो काढतं. मग पडद्यावर ते पाकीट आतून कापल्यासारखं, थराथराने बघायचं. सील कुठे सुटलंय ते सांगायचं. हे माझं काम.

फेब्रुवारीत माझा नवरा गेला. सेरझान. बर्फावरून गाडी घसरली.

मी रडले नाही. लोक म्हणाले, धीराची आहे. धीर कसला, मला काही वाटतच नव्हतं.

आमच्यात गेलेल्या माणसासाठी शुक्रवारी सात शेल्पेक तळतात. कढईभर तेलात पातळ पोळ्या. पोळ्या शेजारीपाजारी खातात, गेलेल्याला पोचतो तो वास. वास सुटला की तो दारापर्यंत येतो आणि पोट भरून परत जातो.

मी एकदाही तळले नाहीत. कढई फळीवरून खाली काढणंच होईना.

नेमके तेव्हाच कारखान्याने तयार शेल्पेक काढले. एका पाकिटात सात, हवाबंद, तीन महिने टिकणारे. चाचणीतलं एक पाकीट मी घरी नेलं आणि पोळ्या ताटात मांडल्या. सासूबाईंना मोतीबिंदू आहे. त्यांनी ताटाकडे नुसतं नाक नेलं.

“ही पोळी आहे की पुठ्ठा?”

“शेल्पेकच आहेत, आपा. आमच्या कारखान्यातले.”

“मग वास कुठाय? पिशवीत कोंडून आलीस होय? माझ्या लेकाला उपाशी ठेवणारेस का गं?”

“पुढच्या शुक्रवारी तळते.”

“आठ महिने तुझा पुढचा शुक्रवारच चाललाय.”

पुढच्या शुक्रवारी मी पुन्हा पाकीटच नेलं.

आणि तेव्हापासून पाकिटं गळायला लागली...

सगळी नाहीत. मी चाचणीला उचलीन तेवढीच. स्कॅनमध्ये सीलमधून आरपार गेलेली केसाएवढी नळी दिसायची. सीलमध्ये तेल अडकलं की अशी नळी पडते. पण तेल नव्हतं. चुरा नव्हता. काहीच नव्हतं.

त्या गुरुवारी मी आणखी एक पाकीट लावलं. दार बंद केलं. मशीनची घरघर सुरू झाली.

आणि त्या घरघरीत... चावण्याचा आवाज.

मऊ. तोंड मिटून कुणी सावकाश खात असावं तसा.

मशीन थांबलं. आवाजही थांबला.

पडद्यावर पोळ्या मोजल्या. सात होत्या. पण सगळ्यात वरच्या पोळीची कड नव्हती. अर्धगोल घास गेला होता. आणि त्या घासाच्या मधोमध पोळीची एक बारीक पट्टी तशीच उरली होती...

सेरझानचा पुढचा एक दात पडलेला होता.

मी ओल्झासला हाक मारली. माझ्याबरोबर काम करणारा, माझ्याहून लहान म्हणून मला आपाय, म्हणजे ताई, म्हणणारा, तोंडाने फटकळ.

“पोळी हलली असेल, आपाय. फिरताना हललं की चित्र फाटतं. तुम्ही जेवलात का? भुकेल्या माणसाला जिथे तिथे घास दिसतात.”

त्याने कात्रीने पाकीट कापलं. पोळ्या सातही अख्ख्या.

तळणाचा वास सुटला. अगदी थोडा.

माझ्या मानेपाशी कुणीतरी खोल श्वास घेतला...

ओल्झास माझ्या समोर उभा होता.

मला भीती वाटायला हवी होती. मी कात्री पुसून जागेवर ठेवली.

तेवढ्यात आमच्या मुख्य बाई आल्या, मार्झान आपाय. “सील रुंद करा, चिकटवतानाची आच वाढवा, काय वाटेल ते करा. उद्या शुक्रवार आहे. माल आज निघाला नाही तर त्याचं काय लोणचं घालायचंय?”

तासाभरात नव्या सीलचं पाकीट माझ्यासमोर आलं. मी लावलं. या वेळी आवाज नाही. घासही नाही. मी सीलचा एकेक थर पाहत गेले. नळी कुठेच नव्हती.

शेवटच्या थरात, सीलच्या काठावर खळगे दिसले. बारीक. ओळीने. वर एक ओळ, खाली एक ओळ.

दातांचे.

बाहेरून नव्हते...

आतून होते.

“नळी आहे का गं?” मार्झान आपायनी दारातून विचारलं.

“नाही, आपाय. पण सीलवर खुणा आहेत.”

“सील धरलंय ना?”

“धरलंय.”

“मग पास लिही की.”

मी पास लिहिलं.

“एका खोक्यात एक कमी पडतंय. तेच दे इकडे.”

मी पाकीट उचललं. आतून माझ्या बोटाला काहीतरी टेकलं... आणि टेकूनच राहिलं.

कात्री हाताशी होती. एक कोपरा कापायचा, बस.

मी पाकीट देऊन टाकलं. का, ते मला आजही सांगता येत नाही. त्या मागत होत्या आणि मी कामावर होते, एवढंच.

दुसऱ्या दिवशी मी कढई काढली. सात शेल्पेक तळले. जिन्यापर्यंत वास गेला. शेजारी आले, खाऊन गेले, चांगले झालेत म्हणाले. सासूबाई उघड्या दाराशी खुर्ची टाकून बसल्या होत्या. अंधार पडेपर्यंत उठल्या नाहीत.

“कामशात,” त्या म्हणाल्या, “आज तो आलाच नाही गं.”

म्हणजे इतके दिवस येत होता. काही न मिळताच परत जात होता. तेव्हा मला रडू फुटलं, आठ महिन्यांनी.

तो माल लांब तराझ शहरात गेला. तिथल्या दुकानांना मी अजून फोन करते. त्या तारखेचं एखादं पाकीट न उघडता मागे पडलंय का, विचारते. दुकानदार वैतागतात.

“का हो बाई? त्यात काही खराबी होती का?”

“नाही,” मी म्हणते. “सील अगदी पक्कं होतं.”