फेब्रुवारीतलं डुक्कर

ही गोष्ट खरी आहे.

मी थापाड्या आहे हे ओरदियालमधल्या दगडांनाही ठाऊक आहे. म्हणूनच सांगतो, थाप मारायची असती तर जेवताना ऐकवता येईल अशी मारली असती.

मागच्या फेब्रुवारीतली गोष्ट. ओरदियाल म्हणजे सालामांकाच्या डोंगरातलं आमचं गाव. माझ्या शेजारचंच घर.

उन्हाळ्यात आमच्या लाकडी सज्ज्यांचे फोटो काढायला बसच्या बस येतात. फेब्रुवारीत कुत्रंही येत नाही. समोरासमोरचे सज्जे एकमेकांना टेकलेले, खाली गल्लीत भरदुपारी अंधार, आणि दारं बंद.

अशात फेर्मिन आपल्या म्हाताऱ्या बापाला, ओनोरिनोला, माद्रिदहून घेऊन आला.

बायको गेल्यापासून ओनोरिनोने अन्न टाकलं होतं. गालफडं बसलेली. डॉक्टर म्हणाला, असंच चाललं तर हा माणूस पुढचा उन्हाळा बघणार नाही. फेर्मिनला वाटलं, जन्मघर, गावचं जेवण... खातीलही कदाचित.

पहिल्या संध्याकाळी त्याने लाल तिखटात बटाटे घोटले, वर डुकराच्या चरबीचे कुरकुरीत तुकडे टाकले, ताट बापापुढे ठेवलं आणि लाकडं आणायला गेला.

परत आला तर...

ताट रिकामं. नुसतं रिकामं नाही, लख्ख.

"बाबा! सगळं खाल्लंत?"

"हं," ओनोरिनो म्हणाला. बोटं मात्र विजारीला पुसत होता.

फेर्मिनच्या डोळ्यांत पाणी आलं. लगेच बहिणीला फोन. "अगं, बाबा जेवले!"

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशीही. पण म्हाताऱ्याची विजार आणखीच ढिली झालेली.

आणि ताट उचललं तर... चिकट. कोमट.

काठावरून लाळेची तार लोंबत होती, अंड्याच्या बलकासारखी. तिच्यात एक केस अडकलेला. पांढरा, राठ, सुईसारखा.

फेर्मिनने ताट तसंच बापापुढे धरलं.

"बाबा, खरं सांगा. कोण खातं हे?"

"अरे, खाली गोठ्यात डुक्कर येतं ना, सान अंतोनचं. आलेल्याला हाकलायचं? तुझ्या आईने कधी हाकललं?"

फेर्मिनचा जीव भांड्यात पडला. सान अंतोनचं डुक्कर म्हणजे गावाचं डुक्कर. गळ्यात घंटा बांधून संताच्या नावाने सोडलेलं. ज्याच्या दाराशी थांबेल त्याने खाऊ घालायचं. लहानपणी त्यानेही घातलं होतं.

तो तडक आकिलीना मावशीच्या खानावळीत आला. मी तिथेच बसलो होतो, ग्लास घेऊन.

"मावशी, ते डुक्कर आवरा. बाबांचं सगळं जेवण हादडतंय."

"कुठलं डुक्कर?"

"सान अंतोनचं."

मावशीने हातातला सुरा खाली ठेवला.

"माद्रिदला जाऊन महिने विसरलास का रे? डुकराची सोडत जानेवारीतच झाली. माझ्याच तिकिटाला लागलं ते, कापलंसुद्धा. बघ..."

तिने वर बोट दाखवलं. छताला सॉसेजच्या माळा. शेजारच्या खिळ्याला ती घंटा.

"नवं पिल्लू जूनमध्ये सोडणार. आता गावात मोकळं डुक्कर एकही नाही."

मी म्हटलं, "मग ओनोरिनो जेवायला घालतोय कुणाला? पाद्रीबुवांना?"

कुणी हसलं नाही. खरं तर, मीही नाही.

बाहेर अंधारू लागलं होतं. मेलेल्यांसाठी प्रार्थना म्हणत रोज फिरणाऱ्या बाईची हातघंटा वाजली. फेर्मिन पळाला.

गोठ्याच्या जिन्यात ओनोरिनो बसलेला. हातात ताट, पुढे काळोख.

मच... मच... मच...

ओली धाप. खवट चरबीचा वास, इतका दाट की जिभेवर साय धरावी.

"बाबा, उठा!"

"शू... जेवतंय."

फेर्मिनने मोबाईलचा उजेड टाकला.

गोठा रिकामा. दाराला आतून अडसर.

पण म्हाताऱ्याच्या हातात ताट हलत होतं. कुणी खालून ढुशी द्यावी तसं. बटाट्याला खड्डे पडत होते... एकेक घास नाहीसा होत होता.

मग ते थांबलं.

आणि फेर्मिनच्या मनगटावरून बोटांपर्यंत काहीतरी गरम, खरखरीत, बुळबुळीत फिरलं. सावकाश.

चव घेत.

त्याने बापाला गाडीत कोंबलं आणि त्याच संध्याकाळी गाव सोडलं. घराला कुलूप मी लावलं. नाक दाबून.

ईस्टरला फेर्मिन एकटाच आला. माझ्यासमोर बसला, पण काही खाईना.

"बाबा कसे आहेत?" मी विचारलं.

"जेवतात."

"अरे वा!"

"हात लावत नाहीत, काका. ताटात तोंड घालतात. बटाट्याची सालं, कोंबडीची हाडं, कचऱ्याच्या डब्यातलं... काही सोडत नाहीत. अंगाने दुप्पट झालेत. डॉक्टर खूश, बहीण खूश."

"आणि तू?"

"मी त्यांची दाढी करतो."

त्याने खिशातून रुमाल काढून उलगडला. पांढरे केस. राठ, सुईसारखे.

मी ग्लास बाजूला सारला. आजवर कधी सारला नव्हता.

"आणि रोज एकच विचारतात," फेर्मिन खालच्या आवाजात म्हणाला. "गावाला कधी जायचं... सोडत कधी आहे?"



परवा नवं पिल्लू सोडलं. घंटा वाजवत दारोदार फिरतं. फक्त ओनोरिनोच्या दाराशी थांबत नाही. तिथून जाताना धावतं.

काल आकिलीना मावशी सोडतीची तिकिटं घेऊन आली. जन्मभर मी तिकीट चुकवलेलं नाही.

यंदा घेतलं नाही.