मधातला अनोळखी कण

शेतकरी बाजाराच्या दारात ‘पारखी’ नावाचा यंत्रमानव मध तपासत असे. त्या रविवारी हौसाबाई भांगरेंच्या बरणीतला थेंब काचेवर घेताच त्याचा दिवा लाल झाला.

“अमान्य. यात अनोळखी कण आहे. हा मध इथल्या रानातला नाही.”

“आवं, असं कसं? परवाच पेटीतून काढलाय. मी काय बी मिसळलं न्हाई!” हौसाबाईंचा आवाज कापरा झाला. रांगेतली माणसं कुजबुजत निघून जाऊ लागली.

आजोबांसोबत आलेली चार्वी मात्र हलली नाही. तिच्या घरी नेहमी याच मावशींचा मध यायचा. “आजोबा, मावशी खोटं बोलतील?”

चार्वीचे आजोबा वनस्पतिशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक. “आधी बघू तरी,” ते म्हणाले. “पारखी, पडद्यावर दाखव.”

पडद्यावर काटेरी चेंडू, तिकोनी दाणे, पिवळे गोळे तरंगत होते.

“हे परागकण (फुलातली बारीक भुकटी, तिच्यामुळे बी धरतं),” आजोबा म्हणाले. “फुलातला रस गोळा करताना ते माशीच्या अंगाला चिकटतात आणि मधात उतरतात. प्रत्येक झाडाच्या कणाचा घाट वेगळा. मध फार बारीक गाळला की ते निघून जातात. कच्च्या मधात राहतात. म्हणून तर मध कुठल्या रानातला, ते कळतं.”

चार्वी विचारात पडली. “पारखी, बाकीचे कण कशाचे आहेत?”

“जांभूळ, हिरडा, करवंद. सगळे इथलेच.”

“नुसता साखरेचा पाक असता तर एवढे कण आलेच नसते. आणि बाकीचे सगळे इथलेच आहेत. तुला एक ओळखता आला नाही, म्हणून मध परका कसा?”

पारखीने कण पुन्हा तपासले. “बरोबर. मला फक्त हल्ली आढळणारी झाडं माहीत आहेत.” त्याचा दिवा हिरवा झाला. हौसाबाईंनी पदराने डोळे टिपले.

आजोबा अजून पडद्यावरच वाकलेले होते. “हा अनोळखी कण रुपवेलीचा असावा,” ते हळूच म्हणाले. “ती वेल मी तरुणपणी इथल्या डोंगरात पाहिली होती. पुढे कुणालाच दिसली नाही.”

“पण एवढ्या डोंगरात शोधायची कुठे?” चार्वीने विचारलं.

“आमच्या पेटीतली ही लहान सातेरी मधमाशी लांब जात न्हाई,” हौसाबाई म्हणाल्या. “फार तर कोस-अर्धा कोस.”

“म्हणजे पेटीच्या आसपासच!”

दुसऱ्याच दिवशी तिघं डोंगर चढले. दुपार कलताना एका कपारीत ती सापडली: एकच वेल, पांढरी फुलं, आत जांभळा पराग. आजोबा दगडावर टेकले. त्यांनी आजूबाजूच्या सगळ्या कपारी न्याहाळल्या.

“एकटीच आहे,” थोड्या वेळाने ते म्हणाले. “हिला बी धरायला दुसऱ्या वेलीचा पराग लागतो.”

एवढ्यात वरच्या कड्याकडून एक माशी आली आणि फुलावर बसली. चार्वी वाकून पाहू लागली.

“आजोबा, ही आत्ता आली. पण हिच्या पायांना जांभळा पराग आधीपासूनच आहे!”

तिघांनीही मान वर करून कड्याकडे पाहिलं.