काचेवरचा हात

मोबाइल ठेवा रे खिशात. आन धम्मदीप, तू भिंतीकडे बस, नाई तं मधातच उठून पळशीन. ही काई इकडून तिकडून ऐकलेली गप नाई. आपल्या देवळीतल्या कोकिळेले तुमी वळखता ना, कॉलेजच्या ऑफिसात हाये थे? तिच्यासंग घडलं, तिनंच माह्याजवळ सांगतलं.

गेल्या वर्षीची अठरा फेब्रुवारी, मंगळवार. सकाळी काम होतं अगदी साधं. जुन्या खोलीतली झेरॉक्सची मशीन नव्या खोलीत न्याची. प्रिंटर, स्कॅनर, सारं एकातच असलेलं मोठं धूड होतं थे. चौघांनी उचललं, दरवाज्यातून तिरपं करून काढलं आन नव्या टेबलावर ठेवलं. कोकिळेनं वायरी जोडल्या.

आता यातली गोम ऐका. मशीन होती अंजूच्या ताब्यात. अंजू आमच्या शेजारची पोरगी, कोकिळेची जीवाभावाची मैत्रीण. एका डब्यात जेवत दोघी. कोकिळेले ऑफिसात चिकटवलं, तेबी अंजूनंच. दोघी कच्च्या नोकरीवर, आन पक्की जागा निघनार होती एकच. ज्याच्या हाती मशीन त्याचीच जागा, हे साऱ्याईले ठाऊक. नेमकी तवाच अंजूले कावीळ झाली, आन बिघडत बिघडत सावंगीच्या दवाखान्यात भरती करा लागलं.

"कोकिळे, मशीन हलवू देऊ नको वो," अंजूनं खाटेवरून म्हनलं. "मशीन हलली का माही जागा गेली."

"गळ्याशपथ!" कोकिळा म्हने.

चार दिवस नाई झाले, आन हेडक्लार्क भैय्याजीनं गाजर दाखोलं, "मशीन नव्या खोलीत घे, तूच सांभाळ, पक्की जागा तुही." झालं! शपथ गेली वाऱ्यावर. केसानं गळा कापला पोट्टीनं. मले तं आजबी तिचा राग येते, तोंडावर सांगतो तिले.

पन मशीन बिघडली. नव्या खोलीत गेली तशी नुसती काळीकुट्ट पानं फेकाले लागली. दुसऱ्या दिवशी अकरावीचा पेपर. भैय्याजी घरी जाता जाता म्हने, "सकाळी पेपरच्या झेरॉक्स तयार पाह्यजे. तुले मशीन जमत नसन, तं जागेचं पुन्हा पाहू."

कोकिळेचा जीव टांगनीले. वायर काढून लावली. कागदाचा ट्रे काढून बसोला. टोनरचा, म्हंजे छापाच्या काळ्या पुडीचा डबा हालोला, काच पुसली. पान काळंच. मेकॅनिक वर्धेचा, तो म्हने सकाळी येतो. पावनेनऊ वाजले. ऑफिसात कोनी नाई, चौकीदार दूर गेटवर. मशीनची नाडी ठाऊक असलेलं मानूस एकच. लाज गुंडाळून ठेवली, आन तिनं अंजूले फोन लावला.

पहिल्याच घंटीले उचलला.

"अंजू, मशीन काळं पान देऊन राह्यली वो. काय करू?"

"हलवली का तिले?" आवाज बारीक. पन साफ.

"नाई वो. जागेवरच हाये."

"पक्कं?"

"तुही शपथ."

...

"मंग झाकन उघड. काचेवर हात ठेव. आन पुन्हा सांग."

कोकिळेले वाटलं, मशीन तपासाची काई रीत असन. तिनं हात ठेवला. काच गारगार.

"सांग."

"मशीन... जागेवरच हाये."

तिनं बटन दाबलं नाई. तरी उजेड सरकला. तिच्या बोटाईखालून. हळू.

पान आलं. पांढरंशुभ्र. मधात तिचा पंजा. आन तिच्या बोटाईत... दुसरी बोटं. बारीक. घट्ट गुतवलेली.

तिनं हात ओढला. झाकन आपटलं. फोन चालूच होता. पलीकडे श्वास... नाई. श्वासबी नाई.

मंग अंजू बोलली.

"मी जुन्या खोलीतच उभी हाये, कोकिळे. इथं तं काईच नाई वो..."

उजेड पुन्हा सरकला. झाकन बंद. काचेवर कोनी नाई. तरी पान आलं.

तिचाच पंजा. बोटं फाकलेली. एकटा.

अंजूनं हात सोडला होता.

फोन कटला. कोकिळा खाली बसली. हातात फोन वाजला. अंजूचा भाऊ, रत्नदीप.

"ताई, अंजू गेली. साडेसहाले."

"अरे, आत्ता... आत्ता बोलली मी तिच्यासंग!"

"तिचा फोन माह्या खिशात हाये, ताई. दुपारपासून बंद."

...

मशीनचं काय इचारता! तवापासून एकदम झकास. पेपर निघाला, जागाबी भेटली कोकिळेले. दोघी जेवत तो डबा ती अजून आनते, पन बसते एकटीच. रडते कधी कधी. रडू दे. मले जीव तुटते अंजूसाठी. जातांनीबी इश्वास ठेवून मशीन पाहाले गेली बिचारी, आन तिथं रिकामी खोली.

दुसऱ्या दिवशी अंजूले घरी आनलं. आंघोळ तुमच्या काकूनं घातली, इचारा पाह्यजे तं. महिनाभर खाटेवरून न उठलेली पोरगी. उजवी मूठ आवळलेली होती. काकूनं हळूच उघडली. तळवा काळा. टोनरची पूड, रेघारेघात भरलेली. साबन लावला. राख लावली. निघाली नाई. तशीच नेली आमी तिले.