अंड्याची साक्ष

“गट्टू, ते अंडं खाली ठेव! खायचं नाहीये ते!”

“मग अंड्याचं दुसरं काय करतात?”

“साक्षीदार करतात,” मिरची म्हणाली. “उद्या गल्लीसमोर उभा करायचाय त्याला.”

गट्टूने डोळे वटारून अंड्याकडे पाहिलं. अंडं काही बोललं नाही.

गच्चीवर पाण्याच्या टाकीच्या सावलीत मिरची, गट्टू आणि चष्मिस असे तिघे बसले होते. सुट्टीतली शनिवारची दुपार होती, पण खेळायचं कुणाच्याच मनात नव्हतं. मिरचीचा सात वर्षांचा भाऊ पिल्लू दवाखान्यात होता. त्याला साखरेचा आजार होता. सकाळ-संध्याकाळ इंजेक्शन घ्यावंच लागे. आई शर्टांना काजं करायच्या कारखान्यात जायची, तरी इंजेक्शनची वेळ तिने एकदाही चुकवली नव्हती. बाबा मालगाडीवर, पंधरा-पंधरा दिवस बाहेर.

गल्लीने या घराला हातावर झेललं होतं, हे खोटं नाही. कुणी डबा देई, कुणी पिल्लूचा अभ्यास घेई. महिन्यापूर्वी घरातला फ्रिज जळाला, तेव्हा गल्लीचे अध्यक्ष बर्फवाले काका छाती ठोकून म्हणाले होते, “फ्रिज कशाला हवा? माझा आख्खा बर्फाचा कारखाना आहे! औषध माझ्याकडे!” तेव्हापासून गल्लीतली पोरं पाळीपाळीने औषधाची डबी आणत आणि इंजेक्शन झालं की परत ठेवून येत.

आणि तेव्हापासूनच पिल्लू दोनदा दवाखान्यात गेला.

मग चांगली माणसं काय करतात? कुजबुजतात! “आईच इंजेक्शन देत नसणार.” “दिवसभर कारखान्यात, पोराकडे लक्ष कुठलं?” कुजबुज वाढत वाढत तिचं पत्र झालं. पिल्लूला आजारी मुलांच्या दूरच्या वसतिगृहात ठेवावं, आई निष्काळजी आहे, असं त्या पत्रात लिहिलं होतं. खाली अकरा सह्या! उरलेल्या उद्या सकाळी नऊला, काकांच्या अंगणात व्हायच्या होत्या.

फक्त लाँड्रीवाल्या मावशींनी पत्र परत केलं होतं. “मी रोज सगळ्या गल्लीचे कपडे धुते,” त्या म्हणाल्या होत्या. “कुणाच्या कॉलरला किती मळ, मला विचारा. या बाईच्या कॉलरला नाही.”

“चष्मिस, पुन्हा सांग,” मिरची म्हणाली. “मला पाठ करायचंय.”

चष्मिसने चष्मा नाकावर सरकवला. “दवाखान्यात पिल्लूची साखर दोन दिवसांत ताब्यात येते. तिथेही इंजेक्शन कोण देतं? तुझी आईच. नर्सबाईंच्या समोर. हात तोच, सुई तीच, पोरगाही तोच. मग वेगळं काय?”

“बाटली!” गट्टू ओरडला.

“आणि परवा डबी आणायची पाळी माझी होती,” मिरची म्हणाली. “बाटलीवरचा कागद भिजून सुटला होता. नुसत्या गार जागेत कागद कसा भिजेल?”

“बाटलीवर बर्फ जमला असेल आणि मग वितळला असेल,” चष्मिस म्हणाला. “पण आपल्या हातात येते तेव्हा बाटली नुसती गार असते. आत पाणी ते पाणीच दिसतं. गोठली होती हे दाखवायचं कसं?”

आणि इथेच गट्टूची खादाडी कामाला आली! मागच्या सुट्टीत त्याने एक अंडं आपल्या सख्ख्या मावशीच्या फ्रिजमध्ये, बर्फाच्या कप्प्यात लपवलं होतं. दुसऱ्या दिवशी पाहतो, तर टरफल या टोकापासून त्या टोकापर्यंत फुटलेलं!

“बाटली वितळली की सगळं विसरते,” मिरची म्हणाली. “अंडं विसरत नाही.”

संध्याकाळी मिरची बर्फाच्या कारखान्यात शिरली. आत यंत्राची घरघर, पायाखाली ओल, हवेत मिठाचा वास. मिठाच्या पाण्याच्या मोठ्या टाकीत पत्र्याचे साचे बुडवलेले. काका साखळीने एक लादी वर ओढत होते.

“काय गं मिरचे? पिल्लू कसा आहे?”

“बरा आहे. तिथे बराच असतो तो,” मिरची म्हणाली. “काका, ती डबी द्या. पुसून आणते.”

डबी घेऊन ती बाहेर पडली. अर्धी बाटली आत होतीच. तिने बाटलीला बोटही लावलं नाही. शेजारी कापसात गुंडाळलेलं अंडं ठेवलं, डबी आईने शिवलेल्या पिशवीत घातली आणि तोंडाला घट्ट गाठ मारली.

“आईची पिशवी आहे. गाठ सोडू नका हं काका, धूळ जाते,” ती परत येऊन म्हणाली. मग जाता जाता हळूच पुडी सोडली, “लोक म्हणतात, तुमच्याकडे औषध गरम होतं.”

“गरम?” काकांच्या हातातली साखळीच सुटली. लादी धाडकन साच्यात गेली. “कोण म्हणतो गरम? तीस वर्षं गारवा विकतोय मी! उद्या ही पिशवी सगळ्यांसमोर आणतो. हात लावा आणि सांगा!”

“आणाच!” मिरची म्हणाली.

सकाळी नऊला अंगण भरलं. सतरंजीवर ते पत्र, त्यावर पेन. आई एका कोपऱ्यात उभी होती. तिला कुणी बस म्हटलं नव्हतं. चष्मिसने हातापाया पडून पिल्लूच्या डॉक्टरीणबाईंना आणलं होतं आणि लाँड्रीवाल्या मावशी त्यांच्या शेजारी ठाण मांडून बसल्या होत्या.

“आम्हाला काही आनंद होत नाही,” काकांनी सुरुवात केली. “पण पोराच्या जिवाचा प्रश्न आहे. आम्ही काय कमी केलं? ही पाहा पिशवी! पहाटे पाचला बाहेर काढली, तरी अजून गार आहे!”

“पाचला का काढलीत?” मिरचीने विचारलं.

“रोजच काढतो. दोन्ही वेळा, तुम्ही यायच्या आधी दोन-चार तास. तुमचे हात गारठायला नकोत म्हणून.”

“आणि त्याआधी कुठे असते?”

“तू गप्प बस गं!” पहिली सही करणारे किराणावाले गुरकावले. “मोठ्यांमध्ये बोलायचं नसतं.”

“माझ्या आईबद्दल सगळी गल्ली बोलली, तेव्हा कुणी गप्प बसलं का?” मिरचीचा आवाज चिरकला, पण थांबला नाही. “काका, सांगा ना! कुठे असते डबी?”

काकांची छाती फुगली. “टाकीच्या पोटात! रिकाम्या साच्यात, चहूबाजूंनी बर्फाहून गार मिठाचं पाणी! त्याहून गार जागा या गावात दाखव!”

डॉक्टरीणबाई ताडकन उभ्या राहिल्या.

“आता पिशवी उघडा,” मिरची म्हणाली.

काकांनी गाठ सोडली. डबी उघडली. “हे काय? अंडं?”

“वर धरा. सगळ्यांना दिसू दे.”

काकांनी धरलं. टरफलाला या टोकापासून त्या टोकापर्यंत तडा होता. त्यातून पांढरं ओघळून काकांच्या मनगटावरून, स्वच्छ बाहीत गेलं.

“काल संध्याकाळी मी अख्खं ठेवलं होतं,” मिरची म्हणाली. “रात्रभर ते बाटलीच्या शेजारी होतं. अंडं फुटलं, मग औषधाचं काय झालं, ते डॉक्टरीणबाईंना विचारा!”

“हे औषध एकदा गोठलं की त्याच्यावर भरवसा राहत नाही,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “मग वितळवा नाहीतर उकळवा! ही आई रोज वेळेवर इंजेक्शन देत होती, पण त्यातला जीव आधीच गेलेला होता.” त्यांनी मान खाली घातली. “चूक माझीही आहे. मी नुसतं ‘गार ठेवा’ म्हणाले. किती गार, ते सांगितलंच नाही.”

काका मटकन सतरंजीवर बसले. “मला वाटलं, जितकं गार तितकं चांगलं... मिरचे, मला माफ कर गं.”

“माझी माफी नको,” मिरची म्हणाली. “ती कोपऱ्यात उभी आहे, तिची मागा. आणि इथून नको. उठून तिच्यापाशी जाऊन मागा. अकराच्या अकरा जणांनी!”

मग काका उठले, त्यांनी पत्र फाडलं आणि आईसमोर हात जोडून उभे राहिले. त्यांच्यामागे एकेक करत बाकीच्या दहा जणांची रांग लागली. किराणावाले शेवटी होते. लाँड्रीवाल्या मावशी मोठ्याने मोजत होत्या. एकही सुटला नाही!

आईने सगळ्यांचं ऐकून घेतलं. मग ती एवढंच म्हणाली, “आता मला बसायला जागा द्या.” आणि ती सतरंजीच्या मधोमध बसली.

डॉक्टरीणबाईंनी समजावून सांगितलं. उघडलेली बाटली महिनाभर सावलीत, पाण्याने ओल्या ठेवलेल्या मातीच्या मडक्यात नीट राहते. न उघडलेल्या बाटल्या त्यांच्या दवाखान्यातल्या फ्रिजमध्ये राहतील. “आणि या तिघांना मी कधीही कामावर घेईन,” त्या म्हणाल्या. “निदान हे प्रश्न तरी विचारतात!”

“अंडीही देणार का?” गट्टूने लगेच विचारलं.

पिल्लू सोमवारी घरी आला. मडकं कुंभारकाकांनी दिलं. त्याच्याभोवतीचं फडकं ओलं ठेवायच्या पाळ्या गल्लीने पुन्हा वाटून घेतल्या. पहिली पाळी बर्फवाल्या काकांनी मागून घेतली. ते दर तासाला जिना चढत आणि मडक्याला हात लावून विचारत, “मिरचे, एवढं गार पुरे ना? जास्त नाही ना झालं?”

मंगळवारी सकाळी आईने पिल्लूची साखर तपासली. मिरची खिडकीत धावली. खाली किराणावाले, कुंभारकाका, लाँड्रीवाल्या मावशी, चष्मिस आणि गट्टू माना वर करून उभे होते. सगळ्यांत पुढे काका, हातात ओलं फडकं.

“एकशे अठरा!” मिरची ओरडली.

“म्हणजे चांगलं का?” काकांनी घाबरत विचारलं.

खिडकीत मिरचीच्या शेजारी आई आली. आज ती कुणासाठीच आवाज खाली करणार नव्हती.

“चांगलं!” ती खणखणीत म्हणाली. “आणि इंजेक्शनही मीच दिलंय!”