ज्वारीच्या कोठीतला फोन

"याला जाळून आणलं का?" फोन उलटा करून ठोकत साजीदनं विचारलं. चार्जिंगच्या भोकातून राख पडून राहिली होती.

आखाडा बाळापूरच्या बाजारात त्याचं रिपेअरिंगचं दुकान. मला असा राग आला त्याचा! फोन हौदात पडला, तर धान्य पाणी ओढून घेतं म्हणून मी तो ज्वारीच्या कोठीत पुरला होता. कीड लागू नये म्हणून आमच्या तांड्यावर ज्वारीत राख मिसळतात, हे त्या घाईत कुठलं आठवायला? ओली राख आत गेली अन् बोर्ड खाऊन बसली.

"याडीचा फोन हाय," मी म्हणाले. "माझी आई, रूपाबाई. दिवाळीत गेली."

त्याचे हात थांबले. 'माफ करा' म्हणाला... इतकं हळू, की मी त्याच्या तोंडाकडं बघतच राहिले. सांगायला लाज वाटते, पण तो मला तिथंच आवडला.

फोनमध्ये याडीचा ढावलो होता. आमच्यात नवरी सासरी निघताना आपल्या माणसाच्या गळ्यात पडून रडत गाते, तो. मला येत न्हाई म्हणून याडीनं दवाखान्याच्या खाटेवर रेकॉर्ड केलेला. माझं लग्न ठरलं होतं, कनेरगाव नाक्याकडच्या तांड्यावर.

वायरनं चार्ज व्हायची वाट पार जळाली होती. पण फोन भारी, भावानं पुण्याहून धाडलेला. चार्जिंगच्या तबकडीवर नुसता ठेवला तरी चार्ज होणारा. त्या कामाची मुगाच्या डाळीएवढी चिप तेवढी बदलायची होती. साजीदकडं भंगारातल्या दोन निघाल्या. आकार तोच, रंग तोच, नंबरातलं शेवटचं अक्षर तेवढं वेगळं. एक पाच व्होल्टची, दुसरी नऊची. अन् माझ्या चिपवरचं नेमकं तेच अक्षर राखेनं खाल्लेलं. नऊची चुकून बसली तर बोर्ड जळंल अन् याडीचा आवाज कायमचा जाईल, असं तो म्हणाला. नांदेडहून याच मॉडेलचा मेलेला फोन मागवतो, त्यात बघून कळंल.

मग दर बाजारी मी जायची. तो म्हणायचा, न्हाई आला. मला बी बरंच वाटायचं. भिंगाखाली दोन्ही चिपा ठेवून तो मला बघायला लावायचा.

"ओळखा, कोणती पाचची?"

"तुमी चिपंकडं बघा आधी—"

"बघूनच तर राहिलो," तो म्हणायचा, अन् नजर माझ्यावर.

सहा बाजार असे गेले. माझे बापू फुलसिंग, त्याचे अब्बा कादरभाई. बाजारात दोघं रामराम-सलाम करायचे. पण सोयरिकीचं नाव काढलं असतं, तर दोन्ही घरांनी आमाला उभं केलं नसतं.

लग्नाला चार दिवस राहिले. हळदीचं सामान घ्यायला आले होते, ती पिशवी घेऊनच दुकानात गेले. साजीदनं खण उघडून एक फुटका फोन पुढं ठेवला. माझ्याच मॉडेलचा.

"तीन बाजार झाले येऊन," तो म्हणाला. "तुमाला पाचचीच लागते."

"मग काहून न्हाई लावली?"

"लावली की तुमी येणार न्हाई." त्यानं खण लोटून बंद केला. "एकदा तर... नऊचीच लावावी वाटलं. ढावलोच न्हाई, तर नवरी निघंल कशी?"

राग यायला पाहिजे होता. न्हाई आला.

"मग लावा नऊची," मी म्हणाले.

त्यानं दोन्ही चिपा बघितल्या, लई वेळ.

"याडीचा आवाज हाय, निता." माझं नाव त्यानं पहिल्यांदाच घेतलं. अन् पाचची उचलली.

तबकडीवर ठेवलेला फोन बऱ्याच वेळानं उजळला. आधी याडीचा खोकला आला. मग ढावलो.

मधी काउंटर होता, बाहेर भरलेला बाजार. गळ्यात पडता येत न्हवतं. मी त्याचं मनगट धरलं अन् याडीच्या मागं मागं म्हणत गेले, शेवटपर्यंत. त्यानं हात सोडवून घेतला न्हाई.

लग्नात सासरी निघताना माझ्या तोंडून एक शब्द फुटला न्हाई. बाया म्हणाल्या, रूपाबाईची पोरगी दगड हाय.