उघडं ठेवलेलं भांडण

रविवारी पहाटे निनाद जोगळेकरच्या डोक्यातली झाडणी झाली आणि सोमवारी सकाळी त्यानं ईशानला शिव्या घातल्या.

"इतके दिवस झाले, एक फोन नाही नालायकाचा!"

त्याची बायको केतकी समोरच बसली होती. ईशान त्यांचा एकुलता एक मुलगा. समुद्रातल्या पवनचक्क्यांवर कामाला होता आणि मार्चमध्ये तिथल्याच अपघातात गेला. त्याला अग्नी निनादनंच दिला होता.

केतकी तडक दापोलीहून रत्नागिरीला डॉ. रेहाना परकारांकडे गेली. निनादच्या कानामागे स्मृतिपेटी त्यांनीच बसवली होती. मेंदूज्वरात त्याचा आठवणी साठवणारा भाग जळाला, तेव्हा वाचलं तेवढं सगळं त्या पेटीत भरलं गेलं. पुढच्या आठवणीही तिथेच जमू लागल्या. माणूस हिंडूफिरू लागला म्हणून केतकीनं पेढे वाटले. पेटी सुपारीएवढी आहे आणि अख्खं आयुष्य तिच्यात मावत नाही, हे तेव्हा ऐकायला कुणाला सवड नव्हती.

"पेटी बिघडलीय, डॉक्टर."

"मी आत्ताच इथून तपासली. व्यवस्थित चाललीय," डॉक्टर म्हणाल्या. "जुन्या लिनक्स संगणकांत तात्पुरत्या फायलींसाठी एक कप्पा असायचा. जो तो प्रोग्राम त्यात काहीबाही टाकायचा. कप्पा भरला की मशीन ठप्प. म्हणून तो झाडायचा, पण जपून. चालू प्रोग्रामनं उघडून धरलेली फाइल काढायची नाही. राखीव ठेवलेली काढायची नाही. बाकी जी बरेच दिवस कुणी उघडलीच नाही, ती खुशाल काढायची. पेटीत आम्ही तोच नियम घातला. दीड महिना माणूस ज्या आठवणीला शिवला नाही, ती जाते."

"अहो, पण पोटच्या पोराचं मरण! ते काय तात्पुरतं आहे?"

"पेटीला मरण कळत नाही, केतकीताई. शेवटचा हात कधी लागला, तेवढंच कळतं."

"आणि त्याचा हात कधी लागला होता?"

"एकदाही नाही. हॉस्पिटलमधली ती संध्याकाळ त्यांनी पुन्हा उघडलीच नाही."

त्या शेवटच्या संध्याकाळी ईशान शुद्धीवर होता. "बाबा, चुकलं माझं," म्हणाला होता, आणि निनादनं त्याच्या कपाळावरून हात फिरवला होता. त्या एका आठवणीवर केतकी दिवस काढत होती. हा गृहस्थ मात्र तिकडे फिरकलाही नव्हता! तिला नवऱ्याचा इतका संताप आला की तिथेच, डॉक्टरांसमोर, ती रडू लागली.

"दुखतं तिथे माणूस हात लावत नाही," डॉक्टर म्हणाल्या. "नियम लिहिताना हे आम्हाला सुचायला हवं होतं."

"मग ईशानशी झालेलं भांडण बरं राहिलं?"

"ते त्यांच्या मनात दिवसरात्र उघडंच असतं. झाडणी त्याला हात लावत नाही."

भांडण आंब्याच्या झाडावरून झालं होतं. जोगळेकरांच्या रोपवाटिकेतलं प्रत्येक कलम ज्या झाडाच्या काड्या घेऊन बांधलं जाई, ते निनादच्या आजोबांनी लावलेलं मूळ झाड ईशाननं सौरपट्ट्यांच्या जागेसाठी पाडलं. बाप चार दिवस पुण्याला गेला होता, तेवढ्यात. बापानं त्याला घराबाहेर काढलं. पुढे ज्वर आला, पेटी बसली. काय राखीव ठेवायचं, असं तेव्हा डॉक्टरांनी विचारलं होतं. केतकीनं कलमं बांधायचं कसब सांगितलं, घर सांगितलं, स्वतःला सांगितलं. जागा तेवढ्यात भरली आणि कायमची बंद झाली. धडधाकट मुलाला राखीव ठेवायचं कुणाच्या मनात येतं?

"लहानपणचा ईशान तरी असेल?"

"नाही. तोही गेला. आता मुलाचं म्हणून त्यांच्याकडे ते भांडणच आहे."

"मग मी काय करू?"

"पुन्हा सांगा. त्यांचं मन त्या आठवणीकडे वळत राहिलं, तर ती राहील."

केतकीनं सांगितलं. निनाद ऊर फुटेस्तोवर रडला. दुसऱ्या दिवसापासून तिनं विषय काढला, की तो उठून रोपवाटिकेत जाऊ लागला. दीड महिन्यानं डोकं स्वच्छ. तिनं मन घट्ट करून पुन्हा सांगितलं. पुन्हा तेच झालं. बारशाचे फोटो दाखवले, तर दुसऱ्या कुणाचं मूल पाहावं तसे त्यानं ते पाहून परत दिले. तिसऱ्यांदा ते मरण सांगायची ताकद तिच्यात उरली नाही. पोराचं सुतक ती एकटीच धरून बसली.

आंब्याला मोहोर आला त्या सुमारास एके दिवशी कलमांना पाणी घालता घालता निनाद आपणहून म्हणाला, "जाऊ दे गं. पोरच ते. झाड काय, दुसरं वाढेल. मी हल्ली त्याचा विचारच करत नाही."

ज्या शब्दांची तिनं इतकी वर्षं वाट पाहिली होती, तेच हे शब्द. पण आता ते तिला नको होते. राग सुटला, तर भांडणही मिटणार. मग तेही कुणी उघडणार नाही, आणि एखाद्या रविवारी पहाटे पेटी तेही झाडून टाकेल. त्यानंतर ईशान कोण, असं हा विचारेल.

"विचार करत नाहीस?" ती तडकून म्हणाली. "तुझ्या आजोबांचं झाड तुला न विचारता पाडलंन त्यानं! आणि वर मला काय म्हणाला, माहीत आहे? बाबाला काय कळतंय, म्हणाला."

ईशान असं कधीही म्हणाला नव्हता.

निनादनं हातातली झारी खाली आपटली. "असं म्हणाला? हरामखोर! पाऊल ठेवू दे त्याला या घरात, तंगडं मोडतो!"

केतकीला हायसं वाटलं.